परसातलं ॲव्होकाडो: कोकणच्या पावसात जगवायचं कसं आणि फळ धरायचं कसं

आमची ॲव्होकाडोची पहिली दोन झाडं पाण्याने मेली. राजापूर तालुक्यात, खाडीपासून जरा वर, कातळाला लागून आमचं परसू आहे. हापूसच्या कलमाला मारतात तसाच खड्डा मारला होता: तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. तळाला पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, वर शेणखत आणि लाल माती. मृगाच्या सरी आल्या तशी रोपं लावली. आर्द्रा, पुनर्वसू छान गेली, नवी पालवीही फुटली. नागपंचमीच्या सुमारास पानं खाली लोंबायला लागली. माती चिंब ओली, आणि झाडाने मात्र उन्हाळ्यात टाकावी तशी मान टाकलेली. गणपती येईपर्यंत दोन्ही वाळली.

उपटून पाहिली तेव्हा जाड मुळं धड होती. बारीक मुळं मात्र काळी पडून ठिसूळ झाली होती. चिमटीत धरून ओढलं की वरची साल सरकून हातात यायची आणि आत दोऱ्यासारखी नुसती शीर उरायची. खड्ड्यात हात घातला तर कोपरभर पाणी. जांभ्यात मारलेला खड्डा म्हणजे टाकीच झाली होती. आजूबाजूच्या कातळावरून वाहणारं पाणी त्यात उतरत होतं आणि बाहेर जायला वाट नव्हती.

त्यानंतर लावलेली झाडं आज फळं देतात. फरक पडला तो एकाच गोष्टीने. किनाऱ्यावर ॲव्होकाडो करायचं, तर सगळा विचार जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुळांना हवा कशी मिळेल याचा करायचा. खत, फवारणी, छाटणी या गोष्टी त्यानंतरच्या.

मुळांचा स्वभाव

ॲव्होकाडो हे दालचिनीच्या कुळातलं झाड. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या रानांतलं. तिथे ते कुजलेल्या पानांच्या भुसभुशीत थरात मुळं पसरून जगतं. त्यामुळे अन्न-पाणी घेणारी त्याची बहुतेक बारीक मुळं वरच्या सहा-आठ इंचांतच असतात. त्यांवर केसांसारखे मूलरोमही जवळजवळ नसतात. आंब्याचं मूळ कातळाच्या फटीत घुसून पाणी शोधतं, तसं हे करत नाही. आणि माती पाण्याने भरून तिच्यातली हवा संपली की दोन-तीन दिवसांतच ही मुळं गुदमरू लागतात.

गुदमरलेल्या मुळांवर मग फायटोप्थोरा नावाची बुरशी बसते. पोफळीच्या बागा असलेल्यांना हे नाव नवं नाही. सुपारीचा कोळेरोग ज्या बुरशीने येतो, तिची ही सख्खी बहीण. जगभर ॲव्होकाडोच्या बागा सर्वांत जास्त हिनेच मारल्या आहेत. तिचे बीजाणू ओल्या मातीत चक्क पोहत मुळापर्यंत जातात. म्हणजे मातीत पाणी साचलं की तिला रस्ताच तयार होतो.

ओल्या मातीत पान लोंबलं तर ते तहानेचं नव्हे, मुळं कुजल्याचं लक्षण समजा. तेव्हा आणखी पाणी घालू नका.

रोप कुठलं घ्यायचं

ॲव्होकाडोचे तीन वंश मानतात. मेक्सिकन वंश थंडी सोसतो, त्याची फळं लहान आणि तेल भरपूर. ग्वाटेमालन वंश डोंगराळ भागातला, जाड खरखरीत सालीचा. वेस्ट इंडियन वंश उष्ण, दमट, सखल प्रदेशातला. त्याची फळं मोठी, साल गुळगुळीत आणि पातळ, गर जरा पाणीदार, तेल कमी. खारटपणाही तिघांत हाच जास्त सोसतो. किनाऱ्यावरच्या आपल्या हवेला हा तिसराच मानवतो. पोलॉक आणि सिमंड्स या त्यातल्या जुन्या, नावाजलेल्या जाती.

बाजारात मिळणारं, पिकल्यावर काळं पडणारं बारीक फळ ते हास. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास यांच्या बागेत एका बियाण्यातून उगवलेलं ते झाड. १९३५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं. त्याच्यात ग्वाटेमालन आणि मेक्सिकन रक्त आहे. चव उत्तम, पण त्याला हवी असते थंड रात्र आणि कोरडी हवा. आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात आणि जुलैच्या झडीत त्याचे हाल होतात. मला एका रोपवाटिकेतून हास म्हणून जे कलम दिलं गेलं, ते चार वर्षांनी गुळगुळीत हिरव्या सालीचं निघालं. माझं काही बिघडलं नाही, झाड इथल्या हवेचंच निघालं. पण हासचा दाम देऊन तुम्ही फसू नये, म्हणून सांगते.

कर्नाटकात कोडगू, केरळात वायनाड, तमिळनाडूत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरउतारांवर ही झाडं पुष्कळ आहेत. कन्नडमध्ये त्याला ‘बेण्णे हण्णु’ म्हणजे लोणीफळ म्हणतात. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं कोडगूत चेट्टळ्ळीला केंद्र आहे, तिथे या फळावर काम चालतं. तिकडून रोपं आणणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की कोडगू समुद्रसपाटीपासून बरंच उंचावर आहे. तिथे उत्तम फळणारं झाड वेंगुर्ल्यात किंवा श्रीवर्धनात तसंच फळेल असं नाही. आपल्याच पट्ट्यात, समुद्राच्या जवळ, फळलेलं एखादं झाड दिसलं तर त्याची काडी मागून घ्या. तीच सर्वांत खात्रीची जात.

बियाण्यापासून झाड करावं का? रायवळ आंबा आणि हापूसचं कलम यांत जो फरक, तोच इथे. बाठा लावला तर झाड जोमदार येतं, पण फळ आईसारखंच निघेल याची हमी नाही, आणि फळाला सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरतं. म्हणून बाठ्याचं रोप खुंट म्हणून वापरायचं आणि त्यावर डोळस काडीचं कलम करायचं.

रोप विकत घेताना पिशवी उचलून तळ बघा. रोपवाटिकेत पिशव्या चिखलात, साचलेल्या पाण्यात ठेवल्या असतील तर तिथून परत या, झाड कितीही तजेलदार दिसो. बुरशी त्या पिशवीतूनच तुमच्या परसात येते. तळाच्या भोकातून डोकावणारं मूळ पांढरं किंवा फिकट पिवळसर असावं. मूळ पिशवीत गोल गोल फिरून दोरखंडासारखं झालेलं नसावं. कलमाचा सांधा नीट भरून आलेला असावा आणि मातीपासून वीतभर तरी वर असावा. एक पान चुरगळून वास घ्या. बडीशेपेसारखा वास आला तर त्यात मेक्सिकन वंश आहे. किनाऱ्यासाठी मी ते झाड घेणार नाही.

उंचवटा: वैशाखात रचायचा, उत्तरात लावायचा

या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा.

जागा आधी पावसाळ्यात बघून ठेवा. जुलैत जोराची सर थांबल्यावर अर्ध्या तासाने परसात फिरायचं. जिथे पाय बुडतो ती जागा बाद. आगरात माडांच्या मधली सखल, पाट फिरवलेली जागा बाद. घराच्या पागोळ्या जिथे पडतात ती जागाही बाद. उताराची, पाणी सरसर निघून जाणारी, पण पश्चिमेच्या वाऱ्याला आंबा, फणस किंवा घराचा आडोसा असलेली जागा धरा. या झाडाचं लाकूड ठिसूळ असतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगडात आणि उत्तर रत्नागिरीत माड-पोफळींची काय दशा केली, ती आपण पाहिली आहे. उघड्यावरचं ॲव्होकाडो तर त्याहून कमी वाऱ्यात फाटतं. दोन झाडांत पंचवीस फूट अंतर ठेवा.

जमीन पाणी पिते की नाही याची शंका असेल तर दीड फुटाचा खड्डा काढा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्या भरण्याचं पाणी तासाला इंचभरसुद्धा उतरलं नाही तर खाली कातळ किंवा चिकण आहे. किनारपट्टीच्या रेताड जमिनीत पाणी झटकन उतरेल, तिथे उंचवटा फूटभर पुरे. जांभ्यावर मात्र दोन-अडीच फूट हवाच.

उंचवटा रचायचा तो वैशाखात. खाली खणायचं नाही. जमीन नुसती कुदळीने वरवर खरवडून घ्यायची, म्हणजे नवी माती जुनीला बिलगेल. मग चिऱ्यांच्या तुकड्यांचं सात-आठ फूट व्यासाचं गोल कडं करायचं. दगड गडग्यासारखे सुटे रचायचे, सिमेंट लावायचं नाही, म्हणजे फटींतून पाणी आणि हवा दोन्ही खेळतील. आत भरड लाल माती, तिच्यात पाचवा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत आणि पानांचं खत. त्याहून जास्त खत घालू नका. ते कुजत जातं तसा उंचवटा बसतो आणि झाड खाली खचतं. नारळाचा भुसा घालायचा मोह होतो. घालायचाच तर पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्या, त्याच्यात क्षार असतात. मधला भाग उंच आणि कडेला उतरता, कासवाच्या पाठीसारखा ठेवा. वरच्या अंगाला अर्धचंद्राकार चर काढून पाणी वळवून द्या.

मग लावायची घाई करायची नाही. पहिला पावसाळा नुसत्या उंचवट्यावरून जाऊ द्या. तो किती बसतो, कुठे फुटतो, पाणी कुठून शिरतं, सगळं दिसेल. त्यावर ताग किंवा चवळी पेरून ठेवली तर माती वाहून जात नाही.

मृगात झाड लावायची आपली रीत आंबा-काजूला योग्य आहे. ॲव्होकाडोला लावायचं ते उत्तरा नक्षत्रात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यानंतर, पावसाचा जोर ओसरल्यावर. जमिनीत ओल असते, झड नसते आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत मुळांना आठ महिने मिळतात. माझी वाचलेली सगळी झाडं याच वेळेला लावलेली आहेत.

लावताना पिशवी ब्लेडने उभी कापा. मुळांभोवतीची माती फोडू नका, हलवू नका. आंब्याचं रोप थोडं धसमुसळेपण सोसतं, हे सोसत नाही. गड्डा उंचवट्याच्या पृष्ठभागापेक्षा दोन बोटं वरच बसला पाहिजे. कडेने माती सारून हाताने हलकी दाबा, पायाने तुडवू नका. घमेलंभर पाणी हळू हळू घाला, माती आपसूक बसते. आळं करायचं नाही. आपला हात सवयीने आळ्याकडे जातो, पण बुंध्याशी पाणी साचवणारं आळं म्हणजे पुन्हा तोच खड्डा.

पातेरा, सावली, पाणी

उंचवट्यावर पातेऱ्याचा जाड थर हवा, चार ते सहा इंच. आंब्या-काजूची पानं, पेंढा, नारळाची चिरलेली सोडणं, जे असेल ते. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर ओल धरून साल कुजते. हा थर खालून कुजत जातो आणि ॲव्होकाडोला त्याच्या मूळच्या रानासारखी भुसभुशीत माती मिळते. अशा कुजणाऱ्या थरात वाढणारे सूक्ष्मजीव फायटोप्थोराला आवर घालतात. ऑस्ट्रेलियातल्या बागायतदारांनी जाड आच्छादन आणि जिप्सम यांच्या जोरावर ग्रासलेल्या बागा सावरल्या आहेत. ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला मारणारी उपकारक बुरशी. ती वापरायची तर शेणखतात मिसळून याच थराखाली द्या. मात्र त्याच जागी तांब्याची औषधं ओतू नका, ती ट्रायकोडर्मालाही मारतात. थर दर वर्षी दिवाळीनंतर नव्याने भरावा लागतो. वाळवी दिसली तर तेवढा भाग उलटा करून उन्हाला लावा.

ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या झाडाला कडक लागतं. कातळावरून परतणारी धग वेगळीच. दक्षिण आणि पश्चिम अंगाला झाप उभे करा, पहिली दोन वर्षं. उघडा बुंधा उन्हाने भाजून साल तडकते, म्हणून त्याला पातळ चुन्याचा हात मारा.

पाणी किती, हे लिटरमध्ये सांगणं अवघड आहे, तरी अंदाज देते. पहिल्या उन्हाळ्यात दर तिसऱ्या दिवशी दहा ते पंधरा लिटर, सकाळी, उंचवट्यावर सगळीकडे पसरून. पातेरा सारून चार इंच खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाने सहज फुटला तर ठीक. बोटांना चिखल लागला तर दोन दिवस थांबा. मूठ उघडताच माती सांडली तर उशीर झाला. दुपारी पानं जरा मलूल दिसतात, संध्याकाळी ताठ होतात. तेवढ्यावर घाबरून पाणी घालू नका.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण असते, आणि तिच्याकडे फार थोडे लोक बघतात. एप्रिल-मेमध्ये खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. माडाला ते चालतं. ॲव्होकाडोला चालत नाही. मिठातलं क्लोराइड पानांच्या टोकाशी साठतं, आणि जुन्या पानांची टोकं तपकिरी होऊन करपट कडेकडेने आत सरकते. असं दिसलं तर खत वाढवू नका. पाणी रोज थोडं थोडं घालण्यापेक्षा चार दिवसांनी भरपूर घाला, म्हणजे साठलेलं मीठ मुळांच्या खाली धुऊन जाईल. पागोळीचं पाणी एका टाकीत धरून ठेवलं असेल तर मे महिन्यात ते या झाडासाठीच राखा. वेस्ट इंडियन बाठ्यावर केलेलं कलम हा त्रास बराच कमी करतो, म्हणून खुंटाचा वंशही विचारून घ्या.

याच कारणाने पोटॅशसाठी म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, त्याच्यात क्लोराइडच असतं. सल्फेट ऑफ पोटॅश महाग पडतं, पण एकदोन झाडांना लागतं किती? खताबद्दल याहून फार सांगण्यासारखं नाही. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मेच्या शेवटी, झाडाच्या वयाप्रमाणे एक ते चार घमेली कुजलेलं शेणखत पातेऱ्याखाली पसरा. ताजं शेण नको. जांभ्याच्या मातीत स्फुरद लोहाशी बांधलं जातं, त्यामुळे तिथे सेंद्रिय खताचा उपयोग दुप्पट. पानं बारीक येऊन शिरांच्या मधला भाग पिवळा पडला तर जस्त कमी आहे. माती तपासून झिंक सल्फेट द्या.

पावसाळ्यातली कामं

मेच्या शेवटच्या आठवड्यात चर साफ करा, उंचवट्याची ढासळलेली कडा सावरा आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या कापा. मग बोर्डो मिश्रण. पोफळीला मारणारे गडी ते डोळे मिटून करतात. घरी दहा लिटर करायचं तर शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, धातूची नकोत. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळू हळू ओतत काठीने ढवळायचं, उलट करायचं नाही. आभाळासारखा निळा रंग येतो. लोखंडी खिळा घासून चकचकीत करून मिनिटभर बुडवा. तांबूस लेप चढला तर चुना कमी आहे, थोडं चुन्याचं पाणी आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी वापरायचं. उघडीप बघून बुंधा, फांद्या आणि पानांवर मारा. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल तेव्हा पुन्हा एकदा, कारण आंब्यावर येणारा करपा या फळांवरही काळे डाग पाडतो.

झडीच्या दिवसांत रोज एकदा झाडाकडे बघून यायचं. शेंड्याची पानं फिकट, लहान, खाली वळलेली दिसली तर कडेला बोटभर माती उकरून एक बारीक मूळ बघा. पांढरं असेल तर बरं. काळं असेल तर चर खोल करा, पाणी वळवा, आणि पोटॅशियम फॉस्फोनेट डब्यावर दिलेल्या मात्रेने पानांवर फवारा. लवकर लक्षात आलं तर झाड वाचतं. निम्मी पालवी झडल्यावर लक्षात आलेलं झाड माझ्या हातून एकही वाचलेलं नाही.

फुलं बघायला शिका

झाड चौथ्या-पाचव्या वर्षात आलं, थंडी ओसरता ओसरता मोहर भरघोस आला, आणि फळ एकही नाही, असं बऱ्याच घरांत होतं. लोक खत बदलतात, औषध मारतात. कारण बहुतेक वेळा फुलातच असतं.

मोहराची एक काडी हातात घेऊन भिंग लावून बघा. फूल हिरवट पिवळं, नखाएवढं, सहा पाकळ्यांचं. मधोमध एक दांडी, तिच्याभोवती नऊ पुंकेसर. हे फूल आयुष्यात दोनदा उमलतं. पहिल्यांदा उमलतं तेव्हा ते मादी असतं. पुंकेसर पाकळ्यांवर आडवे पसरलेले आणि मधली दांडी एकटी उभी, तिचं टोक पांढरं, ताजं. काही तासांनी फूल मिटतं. दुसऱ्या दिवशी तेच फूल नर होऊन उमलतं. आता पुंकेसर ताठ उभे, त्यांची झाकणं उघडून परागकण बाहेर आलेले, आणि मधली दांडी सुकत चाललेली.

झाडांचे यावरून दोन गट पडतात. ‘अ’ गटाची फुलं सकाळी मादी म्हणून उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नर होतात. ‘ब’ गटाची फुलं दुपारनंतर मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. म्हणजे सकाळी ‘अ’ झाडाची मादी आणि ‘ब’ झाडाचा नर एकाच वेळी तयार. दुपारी उलट. हास आणि सिमंड्स ‘अ’ गटातले, फुएर्ते आणि पोलॉक ‘ब’ गटातले. हवा थंड-ढगाळ असली की वेळा पुढेमागे होतात आणि एकट्या झाडालाही थोडी फळं धरतात. पण भरवशाचं पीक हवं तर दोन्ही गट जवळ हवेत.

तुमचं झाड कुठलं, हे विक्रेत्याला विचारण्यापेक्षा फुलाला विचारा. मोहर भरात असताना लख्ख उन्हाच्या दिवशी सकाळी नऊ-दहाला दहा फुलं बघा. दांडी एकटी उभी आणि पुंकेसर आडवे दिसले तर झाड ‘अ’. पुंकेसर उभे आणि परागाने पिवळे दिसले तर ‘ब’. सलग तीन दिवस बघा, म्हणजे चूक होत नाही.

आमचं ‘ब’ निघालं. पलीकडच्या आवाठात आमच्या आतेकडे एक बाठ्याचं झाड आहे, ते ‘अ’. दोन्हींमध्ये शंभरेक पावलं आणि गडगा. तिच्याकडून काडी आणून मी आमच्या झाडाच्या एका फांदीवर कलम केलं. ती फांदी मोहरली त्या वर्षापासून पिकात उघड फरक पडला. जागा कमी असेल तर हाच उपाय: एका झाडावर दोन्ही गट.

पराग वाहून नेतात त्या सातेरी मधमाश्या, डंख नसलेल्या बारीक काळ्या माश्या आणि साध्या माश्यासुद्धा. मोहराच्या दिवसांत झाडावर काहीही फवारू नका. शेजारी आंब्यावर कीटकनाशक मारणार असतील तर त्यांना संध्याकाळी उशिरा मारायची विनंती करा. हजार फुलांमागे एखादंच फळ टिकतं, तेव्हा वाटाण्याएवढी, लिंबाएवढी फळं गळताना पाहून जीव खालीवर करू नका. मोहराच्या वेळी जुनी पानं झडतात, तेही नेहमीचंच. पहिल्या वर्षी धरलेली फळं मात्र दोन-तीन ठेवून बाकीची काढा, झाडाला अंग धरू दे.

छाटणी, आणि गोठ्याची काळजी

झाड बारा-पंधरा फुटांवर थांबवा. वादळालाही बरं, फळ काढायलाही. फळं उतरवून झाल्यावर वरचा एखादा उभा सोट कापा, आतली वाळलेली काटकी काढा, बस. एकदम मोकळं केलं तर आतल्या फांद्या उन्हाने भाजतात. कापलेल्या जाड तोंडांना बोर्डो मलम लावा.

छाटलेला पाला शेळ्यांपुढे टाकू नका, हे कळकळीने सांगते. ॲव्होकाडोच्या पानांत, सालीत पर्सिन नावाचं द्रव्य असतं. शेळी, गाय यांच्या कासेला त्याने सूज येते, दूध आटतं, जास्त खाल्लं तर हृदयावर परिणाम होऊन जनावर दगावतं. कोंबड्यांना आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांनाही ते विषारी. आपल्याकडे पाला दिसला की गोठ्यात टाकायची सवय, म्हणून घरातल्या सगळ्यांना, गड्यालाही, आधीच सांगून ठेवा. पाला वाळवून परत त्याच झाडाखाली पसरायचा.

फळ कधी काढायचं

हे फळ झाडावर मऊ होत नाही. कितीही वाट पाहा, टणकच राहतं आणि शेवटी गळून पडतं. वेस्ट इंडियन जातींना मोहरापासून साधारण पाच ते आठ महिने लागतात, म्हणजे ऐन पावसात, श्रावण-भाद्रपदात फळ येतं. जून झालेल्या हिरव्या फळाची चकाकी जाते आणि किंचित पिवळट छटा येते. जांभळ्या जातीचा रंग चढतो. तरी डोळ्यावर भरवसा नको. मोठ्यातलं एक फळ काढून घरात ठेवा. आठवड्याभरात सुरकुत्या न पडता एकसारखं मऊ झालं, आणि कापल्यावर बाठ्याची साल पातळ तपकिरी कागदासारखी निघाली, तर बाकीची काढा. फळ रबरासारखं चिवट होऊन आक्रसलं आणि बाठ्याची साल पांढरट, जाड असली, तर आणखी दोन आठवडे थांबा.

काढताना देठ ठेवून काढा. ओढून काढलं की देठाच्या जागी भोक पडतं आणि तिथूनच कुजायला लागतं. आंब्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने केलेला नूतन झेला, म्हणजे फळ देठासकट उतरवायची काठी, इथेही छान चालतो. पाऊस थांबून फळं कोरडी झाल्यावर काढा. घरात पेंढ्यावर एका थरात मांडा, आंब्याची अढी घालतो तशी, पण एकावर एक नको. चार-सहा दिवसांत पिकतात. घाई असेल तर दोन पिकलेल्या केळ्यांबरोबर कागदात गुंडाळा. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, या वंशाला थंडी बाधते आणि गर आतून काळा पडतो. देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबल्यावर दबलं की खायला घ्या. हा गर शिजवला की कडवट होतो. आमच्याकडे मीठ, लिंबू, हिरवी मिरची आणि कांदा घालून भाकरीबरोबर, नाहीतर दुधात साखर घालून.

बाठा फेकू नका. त्याची उगवण थोडेच दिवस टिकते, पंधरा दिवसांच्या आत लावा. साल सोलून, चपटा भाग खाली आणि टोक वर, अर्धा बाठा मातीच्या वर राहील असा पिशवीत बसवा. पाण्याच्या ग्लासात काड्या टोचून मूळ फोडण्यापेक्षा हेच बरं. महिना-दीड महिन्यात कोंब येतो. पेन्सिलीएवढा जाड झाला की पावसाची सर लागणार नाही अशा सावलीत त्यावर पाचरकलम करा, म्हणजे काडीचं टोक पाचरीसारखं तासून खुंटाच्या चिरेत बसवा. काडी शेंड्याची, फुगलेल्या डोळ्याची घ्या. आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून कापून ठेवलेली असावीत. पट्टीने घट्ट बांधून वरून प्लास्टिकची नळी चढवा, कोंब हिरवा फुटेपर्यंत काढू नका. यंदा माझ्या पडवीत अशा सात पिशव्या आहेत: चारांवर आतेच्या झाडाची काडी, तिनांवर आमच्या.